वसंतातील व्याख्याने आणि सभेबाहेरचे श्रोते

संस्कृत काव्यांतील वसंत आणि आपल्या देशावरील वसंत यांची गाठ पंचांगाखेरीज इतरत्र क्वचितच पडते. काव्यांत मलयानिल वाहतो आणि लता नवपल्लवांनी नटतात. पुण्यात मात्र चैत्र उजाडला की मुठेचे पात्र आटू लागते, पर्वतीची टेकडी करपून पिवळी पडते आणि दुपारी बारानंतर पेठांतील बोळ ओस पडतात. असे असूनही पुणेकरांना हा ऋतू अप्रिय नव्हता व आजही नाही. दिवसभर तापलेल्या शहरावर सायंकाळी पश्चिमेकडून जो वारा सुटतो, त्याचे सुख ज्याने अनुभवले आहे, त्याला कालिदासाच्या मलयानिलाची उणीव भासण्याचे कारण नाही. त्या वाऱ्याबरोबर माणसे घराबाहेर पडतात, ओट्यांवर आणि गच्च्यांवर बसतात, आणि एकदा माणसे एकत्र बसली की बोलणे आलेच.

या ऋतूतील आमचे जुने समारंभही माणसे एकत्र आणणारेच आहेत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास घरोघरच्या बायका कैरीची डाळ व पन्हे घेण्यासाठी जमतात आणि भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरून घेऊन परततात. रामनवमीस पेशवाईत बांधलेल्या तुळशीबागेतील राममंदिरात गर्दी उसळते, कीर्तनकार जन्माच्या आख्यानास उभे राहतात. वैदिकांना बोलावून मंत्रजागर करावा, त्यांस गंध लावून पन्हे द्यावे व दक्षिणा द्यावी, अशी वसंतपूजेची चालही पूर्वी सधन घरांतून होती. तात्पर्य, वसंतात चार माणसे जमवून काही चांगले शब्द ऐकावेत, ही कल्पना आमच्या समाजाला नवी नव्हती.

परंतु या जमण्याला एक मर्यादा होती. हळदीकुंकू घराण्याच्या ओळखीपुरते, वसंतपूजा वैदिकांपुरती, आणि देवळातील कीर्तन ज्याला देवळाचा उंबरा ओलांडता येतो त्याच्यापुरते. नगरातील सर्व माणसांची गरज ज्या एका वस्तूपाशी एक होते, ते पाणीसुद्धा सर्वांचे नव्हते. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ घालून पुण्यात पाणी आणले व पेठांतून हौद बांधले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. त्या हौदांवर अस्पृश्यांचा घडा बुडत नसे, ही गोष्ट सांगण्यास आपण तितके उत्सुक नसतो. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद त्यांस खुला केला. त्या कृत्याबरोबर कोणतेही व्याख्यान झाल्याची नोंद नाही. परंतु ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खरा अर्थ काय, याचे त्याहून स्पष्ट विवरण त्या काळच्या पुण्यात दुसरे झाले असेल, असे आम्हास वाटत नाही.

हा शब्द त्या सुमारास शहराच्या तोंडी नव्यानेच बसत होता. १८७० च्या एप्रिलात पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे चालक गणेश वासुदेव जोशी यांना तर लोक ‘सार्वजनिक काका’ या नावानेच ओळखू लागले. पुढच्याच वर्षी महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातील नोकरीच्या निमित्ताने पुण्यास आले आणि शहरात संस्थांची जणू पेरणी सुरू झाली. त्या पेरणीतील एक दाणा म्हणजे १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला. पुढे वक्तृत्वोत्तेजक सभेच्या विद्यमाने ती चालत आली. २०२५ साली तिच्या आरंभास दीडशे वर्षे पूर्ण झाली. पुण्यातील कितीएक कुटुंबांत आजोबांचे बोट धरून व्याख्यानास गेल्याची आठवण तीन-तीन पिढ्यांनी सांगावी, इतकी ती शहराच्या अंगवळणी पडली आहे.

यासाठी वसंताचीच निवड का व्हावी, हे समजणे कठीण नाही. उन्हाळ्यात न्यायकचेऱ्यांना व शाळांना सुट्ट्या लागत. निरनिराळ्या जिल्ह्यांत चाकरीस असलेली शिकलेली मंडळी याच दिवसांत आपापल्या घरी परतत. लग्नसराईमुळे पाहुण्यांची वर्दळ असे. सायंकाळ मोठी व मोकळी असे. फुकट जाणारा वेळ रानड्यांच्या डोळ्यांना सहन होत नसे; सुट्टीतील रिकाम्या सायंकाळीही शहराच्या शिक्षणास लावाव्यात, हा विचार त्यांच्या स्वभावास धरूनच होता.

कीर्तन आणि व्याख्यान यांत बाहेरून पाहता फारसे अंतर नाही. एकजण उभा राहून बोलतो, इतर बसून ऐकतात. परंतु कीर्तनकाराच्या मागे शास्त्र उभे असते आणि श्रोता त्याला मनातल्या मनातदेखील अडवीत नाही. व्याख्यात्याच्या मागे कोणीच उभे नसते. त्याने आपले म्हणणे पुराव्याने पटवून द्यावे, श्रोत्याने ते तोलून पाहावे, पटले नाही तर तसे म्हणावे, आणि विरोधी मत ऐकूनही दोघांनी एकाच रस्त्याने घरी जावे, अशी या संस्थेची अपेक्षा असते. वक्ते तयार करणे हे या मालेचे काम मानले गेले. आमच्या मते तिचे अधिक अवघड काम श्रोते तयार करणे हेच होते.

ते किती अवघड होते, याची प्रचीती त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आली. रानडे प्रभृतींच्या आमंत्रणावरून स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले. त्यांची व्याख्याने बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात झाली. मूर्तिपूजेवर व पुराणांवर त्यांनी जी टीका केली, तिने शहराचे सनातनी अंग खवळले. ५ सप्टेंबर १८७५ रोजी स्वामींच्या सन्मानार्थ मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी गाढवाला सजवून त्याचीही मिरवणूक काढली, आणि स्वामींच्या मिरवणुकीवर चिखलफेक झाली. रानडे त्या चिखलातून चालत राहिले. जोतीराव फुले व त्यांचे अनुयायीही त्या दिवशी मिरवणुकीच्या रक्षणास आले होते. वेद प्रमाण मानणारे स्वामी आणि वेदांचे प्रामाण्यच नाकारणारे जोतीराव! दोघांचे मत एक नव्हते; पण ज्याला बोलायचे आहे त्याला बोलू द्यावे, एवढ्यावर त्यांचे एकमत होते. व्याख्यानमालेचा सारा अर्थ त्या एका सायंकाळी रस्त्यावर उतरला होता.

परंतु १८७५ सालची सर्वांत मोठी घटना शहरात घडलीच नाही. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. हे लोण पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गावांत पसरले. या दंग्यांचे एक लक्षण चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आले. दंगेखोरांना सावकाराचा जीव नको होता, पुष्कळ ठिकाणी धान्यही नको होते. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि हुकूमनाम्यांचे कागद. कागद हाती आले की ते तेथेच जाळीत, आणि जेथे सावकार मुकाट्याने कागद देई तेथे बहुधा त्याच्या अंगास हात लागत नसे.

कागदावर एवढा राग का, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडील कापसाला चढा भाव आला. त्या भावाच्या भरवशावर सावकाराने कर्ज मोकळ्या हाताने दिले व शेतकऱ्याने घेतले. युद्ध संपले, भाव कोसळले. आणि नेमक्या त्याच सुमारास जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा पुष्कळ तालुक्यांत बराच वाढला. दुसरीकडे १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. कायदा करणाऱ्यांचा हेतू व्याज फार साचू नये असा होता. व्यवहारात असे झाले की दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहवून घेई, आणि त्यात मागील व्याज मुद्दल म्हणून शिरे. शेतकऱ्याला लिहिता-वाचता येत नसे. कागदावर काय लिहिले आहे हे सावकार सांगे, कुळाने नांगराची निशाणी करायची. आणि पुढे न्यायालयात मात्र कागद बोले व शेतकरी गप्प राही. ज्याला शब्दाने आपले म्हणणे सिद्ध करता येत नव्हते, त्याने अखेर विस्तवाने ते सिद्ध करण्याचा प्रयत्न केला.

आता या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. ज्या वर्षी पुण्यात बोलण्याची व ऐकण्याची शाळा सुरू झाली, त्याच वर्षी पुण्यापासून काही कोसांवर, ज्यांचे कोणी ऐकत नाही अशा माणसांनी कागद जाळले. पुण्यातील मंडळी शेतकऱ्यांविषयी बेफिकीर होती, असा याचा अर्थ करणे अन्यायाचे होईल. सार्वजनिक सभेने दंग्यांच्या आधीच रयतेच्या स्थितीची चौकशी केली होती, वाढत्या साऱ्याविरुद्ध अर्ज केले होते. तथापि रयतेविषयी बोलणे निराळे आणि रयतेला बोलू देणे निराळे. दुष्काळावर उत्तम व्याख्यान होऊ शकते. त्या व्याख्यानास दुष्काळी मनुष्य येऊ शकतो की नाही, हा प्रश्न मात्र व्याख्यानाच्या शेवटी कोणी विचारीत नाही.

शहरातील वसंत इकडे अधिकाधिक बहरत होता. लोकहितवादी व रानडे यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी हिराबागेत मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. अध्यक्षस्थान रानड्यांकडे होते. आज ज्या साहित्यसंमेलनांना हजारो लोक लोटतात, त्यांचा उगम पर्वतीच्या पायथ्याशी, पेशव्यांच्या जुन्या बागेत, वैशाखातल्या एका सायंकाळी झाला. ग्रंथ कसे वाढावेत, त्यांना वाचक कसे मिळावेत, असा त्या मंडळींपुढील विचार होता. भाषेच्या उत्कर्षासाठी लेखकांनी एकत्र बसावे, ही कल्पनाच त्या काळी अपूर्व होती.

पुढल्या वसंताने मात्र निराळेच रूप धारण केले. लष्करी हिशेबखात्यातील कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी साथीदारांसह पुणे जिल्ह्यात बंडास आरंभ केला. हे गृहस्थ शहराला अपरिचित नव्हते. पुण्यात ज्या थोड्या मंडळींनी देशी लोकांच्या हाती असलेली शाळा उभारली, त्यांत ते होते. देशी व्यापाराच्या ऱ्हासावरील रानड्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली होती व त्यांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एकाच सभेत बसून एकच व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी एकाने स्वदेशी कापड वापरण्याची शपथ घ्यावी व दुसऱ्याने तलवार उचलावी, हे वक्त्याच्या हाती नसते. शब्द एकदा सोडला की तो ऐकणाऱ्याचा होतो.

याच वसंतात, १३ मे १८७९ च्या रात्री, बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा या पेशवेकालीन दोन्ही वाड्यांना आगी लागल्या. बुधवार वाडा जळून गेला. विश्रामबागेची मोठी हानी झाली. बंडाच्या बातम्यांनी आधीच धास्तावलेल्या सरकारला या आगीत पुणेकरांचा कट दिसला. आग लावणारा सरकारी पुस्तकखात्यात काम करणारा एक इसम होता, हे पुढे उघड झाले. परंतु त्याचेही आडनाव रानडे निघावे, हा दैवाचा विचित्र खेळ होता. महादेवराव त्या वेळी मे महिन्याच्या सुट्टीनिमित्त पुण्यात होते. सुट्टी संपण्याची वाट न पाहता त्यांची धुळ्यास बदली करण्यात आली, व तेथे काही काळ त्यांची पत्रे फोडून पाहिली जात. ज्यांनी सुट्टीचे दिवस शहराच्या शिक्षणास दिले, त्यांनाच सुट्टीत शहर सोडावे लागले! रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या दिवसांविषयी लिहिले आहे; घरातील माणसाच्या नजरेने पाहिलेली ही हकीकत वाचली म्हणजे राजकीय संशय एका संसारात कसा शिरतो, हे कळते.

जुलैत फडके पकडले गेले व पुण्यातच त्यांच्यावर खटला चालला. त्या संशयाच्या वातावरणात त्यांचे वकीलपत्र घेण्यास उभे राहणे म्हणजे विस्तवाशी खेळ होता. सार्वजनिक काका उभे राहिले. बंडाचा मार्ग काकांचा नव्हता. तरीही आरोपीचे म्हणणे न्यायासनापुढे नीट मांडले गेले पाहिजे, हे त्यांनी आपले कर्तव्य मानले. फडक्यांना काळ्या पाण्याची शिक्षा होऊन एडनला पाठविण्यात आले. १८८३ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

त्याच १८७९ सालच्या अखेरीस दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांसाठी तो होता. सुप्याच्या दंग्यांनी जो प्रश्न आगीने विचारला होता, त्याला मिळालेले हे उत्तर चार वर्षे उशिरा आले. परंतु त्यातील एक कलम आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. न्यायाधीशाने केवळ रोख्यावरील आकडा न पाहता त्याच्या मागे जावे, देणेघेणे मुळात केव्हा व कसे सुरू झाले याचा तपास करावा, आणि मुद्दल व व्याज निरनिराळे करून हिशेब मांडावा, असे त्याने ठरविले. म्हणजे आजवर न्यायालयात कागद बोलत असे, तेथे आता शेतकऱ्याला विचारणे भाग पडले. निरक्षर माणसाच्या तोंडच्या शब्दाला लिखिताच्या समोर उभे राहण्याची जागा मिळाली. १८८१ पासून या कायद्याखालील न्यायालयांच्या तपासणीचे काम रानड्यांकडे आले व पुढे ते त्याचे विशेष न्यायाधीश झाले. गावोगाव मुक्काम करीत, दप्तरे पाहत, तक्रारी ऐकत त्यांनी जी वर्षे घालविली, ती आम्हास त्यांच्या व्याख्यानांइतकीच मोलाची वाटतात. सभेत श्रोत्यांना ऐकावयास शिकविणारा वक्ता येथे स्वतः श्रोता झाला होता.

असे असूनही शहरातील सभेची दारे पुरती उघडली नव्हती. १८८५ च्या मे महिन्यात पुण्यात दुसरे ग्रंथकार संमेलन भरले. त्याचे आमंत्रण रानड्यांकडून जोतीराव फुले यांसही गेले होते. जोतीराव आले नाहीत. त्यांनी पत्र लिहिले आणि ते पुढे ‘ज्ञानोदया’त छापले गेले. माणसांचे समान हक्क जे खऱ्या अर्थाने मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभा व त्यांचे ग्रंथ यांच्याशी आमच्या सभा व ग्रंथ यांचा मेळ बसत नाही. शूद्रातिशूद्रांनी काय सोसले, हे गादीवर बसून लिहिणाऱ्यांना कसे कळावे, असा त्या पत्राचा रोख होता. भाषा झोंबणारी होती. दहा वर्षांपूर्वी ज्या गृहस्थाने रानड्यांच्या बरोबर चिखलातील मिरवणूक पाहिली होती, त्यानेच हे लिहावे, यामुळे ती अधिकच झोंबली असेल.

या पत्राकडे केवळ तऱ्हेवाईकपणा म्हणून पाहण्याची एकेकाळी आपल्याकडे चाल होती. आम्हास ते त्या संमेलनातील सर्वांत महत्त्वाचे भाषण वाटते. फक्त ते करणारा सभेत नव्हता. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ जोतीरावांनी १८८३ साली लिहून काढला होता. सारा, सावकार, कचेरीतील कारकून आणि धर्माच्या नावाने घेतली जाणारी दक्षिणा यांत कुणबी कसा पिळला जातो, याचे त्यात जे वर्णन आहे, तसे त्या वेळच्या मराठीत दुसरे नाही. म्हणजे सुप्याच्या शेतकऱ्याचे म्हणणे जो मराठीत मांडू शकत होता असा ग्रंथकार पुण्यातच राहत होता, आणि ग्रंथकारांच्या सभेत त्याची जागा रिकामी होती. दोष कोणाचा, हा वाद येथे करावयाचा नाही. आमंत्रण पाठविणाऱ्यांचे मन उदार होते, हे खरे. आणि नुसत्या आमंत्रणाने बरोबरी येत नाही, हे त्याहून खरे. ज्याला हौदावर घडा बुडविता येत नाही, त्याला सभेत खुर्ची दिली तरी तो तेथे सुखाने कसा बसेल?

चौथा वसंत १८९७ चा. त्या वर्षी पुण्यात ना हळदीकुंकवाचा उत्साह होता, ना सायंकाळच्या वाऱ्याचे सुख. मुंबईहून आलेल्या प्लेगाने शहर ग्रासले होते. ज्यांना शक्य होते ते गाव सोडून गेले. कित्येक कुटुंबे शहराबाहेर शेतांतून झोपड्या घालून राहिली. बंदोबस्तासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रँड फेब्रुवारीत आले आणि मार्चपासून गोऱ्या सोल्जरांकडून घरोघरची झडती सुरू झाली. रोगी हुडकून इस्पितळात न्यावा, निरोग्यांना निराळ्या छावणीत ठेवावे, घर जंतुघ्न द्रव्यांनी धुवून काढावे, हा उपाय वैद्यकाच्या दृष्टीने सर्वस्वी चुकीचा होता असे आज कोणी म्हणणार नाही. परंतु तो अमलात आणताना देवघर, माजघर आणि बायकांची लाज यांपैकी कशाचीच भीड धरली गेली नाही. लोकांची गाऱ्हाणी कोणी ऐकेना. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंच्या पिस्तुलांनी झाला, हे सर्वश्रुतच आहे.

त्याच वसंतातील दोन गोष्टी मात्र त्या गोळ्यांच्या आवाजात आपण विसरतो. शहराबाहेर डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई तेथे रोग्यांची शुश्रूषा करीत. अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले व त्यातच त्यांना रोगाची बाधा झाली, असे सांगतात. १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. मुलींच्या शाळेकडे जाताना ज्या बाईवर याच शहराने शेणमाती फेकली होती, तिने शहराचे देणे अशा रीतीने फेडले.

दुसरी गोष्ट गोपाळ कृष्ण गोखले यांची. ते त्या वेळी साक्षीनिमित्त विलायतेत होते. पुण्यातील सोल्जरांच्या अत्याचारांविषयी मित्रांची पत्रे त्यांना गेली. त्यांच्या आधारावर त्यांनी तेथील वृत्तपत्रांत गंभीर आरोप केले. परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला, तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी आपले नाव देऊन पुढे येईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली व तिचा डाग त्यांना कित्येक वर्षे जाचला. पत्रे लिहिणाऱ्यांना भ्याड म्हणणे सोपे आहे. रँडच्या खुनानंतर शहरावर जादा पोलीस बसले होते, धरपकड चालू होती. ज्यांच्या घरातील स्त्रियांविषयी प्रश्न होता, त्यांनी ती गोष्ट चवाठ्यावर कशी आणावी? तथापि बावीस वर्षे ज्या शहराने बोलण्याचा अभ्यास केला, ते शहर साक्ष देण्याच्या वेळी मुके झाले, ही गोष्ट नाकारता येत नाही. बावीस वर्षांपूर्वी सुप्याचा शेतकरी न्यायालयात ज्या कारणाने गप्प राहिला, त्याच कारणाने आता शहरातील शिकलेला गृहस्थ गप्प राहिला. आपले ऐकले जाणार नाही, उलट बोलल्याची शिक्षा मात्र होईल, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. शिक्षणाने आलेले अंतर भीतीने एका क्षणात पुसून टाकले.

या चार वसंतांचा जमाखर्च मांडावयाचा तर तो कसा मांडावा? व्याख्यानांनी काही होत नाही, असे म्हणणारे लोक तेव्हा होते व आजही आहेत. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून घेणारा कायदा आणि ते ऐकण्यासाठी खेडोपाडी हिंडणारा न्यायाधीश ही दोन्ही, कोणीतरी प्रथम सभेत शांतपणे बसून दुसऱ्याचे म्हणणे ऐकले होते, म्हणूनच शक्य झाली. सार्वजनिक काकांनी ज्याच्याशी मत जुळत नाही अशा आरोपीचे वकीलपत्र घेतले, तेही त्याच सवयीचे फळ. परंतु सभा जितकी रुंद तितकाच तिचा शब्द टिकाऊ, हेही हेच वसंत सांगतात. सभेच्या बाहेर जे राहिले, त्यांनी आपले म्हणणे कधी विस्तवाने, कधी पत्राने, तर कधी पाठीवर उचलून नेलेल्या रोग्याने मांडले. आणि सभेतील पुष्कळ सुंदर भाषणांचा विसर पडला तरी ते म्हणणे टिकून राहिले.

आजही वसंत येतो. पर्वतीची टेकडी करपते, सायंकाळी पश्चिमेचा वारा सुटतो आणि व्याख्यानास निघालेली माणसे घरून पाणी पिऊन बाहेर पडतात. सभेत गेल्यावर पुढची जागा मिळते की नाही, हे आपण प्रथम पाहतो; तो मनुष्यस्वभावच आहे. मात्र बसल्यावर क्षणभर मागे वळून दाराकडेही पाहावे. दाराशी कोणी उभे असेल तर त्याला सरकून जागा द्यावी, आणि कोणीच नसेल, तर ते का नाही, याचा विचार व्याख्यान संपल्यावर घरी जाताना करावा. रानड्यांनी सुट्टीतल्या सायंकाळी या शहराला जी सवय लावली, ती अद्याप पुरी शिकून झालेली नाही.